बाभळीची काठवट

सास्तुरात कुणाला सांगितल्याबरहुकूम लाकडाची वस्तू करून हवी असेल, तर त्यानं खुशाल दुसरं गाव धरावं. गौरीशंकरच्या खरादीवर जाऊ नये. हातात कसब आहे, कोण नाही म्हणतो? पण कातायला लावलेलं लाकूड खरादीवर फिरायला लागलं की ह्या गड्याचं डोकंही फिरायला लागतं. लाटणं सांगावं तर ह्यानं त्याच्या मुठीवर मोर काढलेला. पलंगाचे चार पाय सांगावेत तर चारही चार तऱ्हेचे. लोक कपाळावर हात मारत, हसत, आणि पुन्हा त्याच्याच दारात येत. बायको शिवलीला म्हणायची, "ह्यांना तांब्याभर पाणी मागितलं, तर हे विहीर खांदायला घेतील."

म्हणूनच रुद्रम्मानं बाभळीच्या खोडावरची गाठ त्याच्या दारात उतरवली तेव्हा आधी दम भरला.

"गौऱ्या, काठवट पायजे. पीठ मळायची, साधी, जाड बुडाची. मोर नको, पोपट नको, नक्षी नको. कळलं का?"

"कळलं, अव्वा."

"काय कळलं?"

"काठवट."

"हां. माझी जुनी तडकली. स्टीलच्या परातीत भाकरी थापायला गेलं तर ती परात घरभर पळतीय. आन् ही माझ्या बांधावरची बाभूळ हाय. एकच गाठ हाय, दुसरी न्हाय. बिघडवलीस तर तोंड दाखवू नको."

दुसरं कुणी असतं तर गौरीशंकरनं हसण्यावारी नेलं असतं. पण ही रुद्रम्मा होती. भूकंपाच्या साली गाव पत्र्याच्या शेडात राहत होतं, गौरीशंकरची आई पाय मोडून सोलापूरला दवाखान्यात पडली होती, आणि बाप तिच्या उशाशी. तेव्हा ह्या शेजारणीनं नऊ-दहा वर्षांच्या गौऱ्याला आपल्या चुलीपुढं बसवून भाकरी खाऊ घातली होती. आई बरी होऊन घरी येईपर्यंत. तिनं आजवर त्याचा कधी उच्चार केला नव्हता, आणि एवढ्या वर्षांत त्याच्याकडं काही मागितलंही नव्हतं. ही काठवट पहिलीच.

"अव्वासाठी बिनडोक्यानं करणार," त्यानं शिवलीलाला सांगितलं. "सांगितलं तेवढंच."

"बघू की," शिवलीला म्हणाली.

त्यानं गाठ खरादीवर चढवली आणि बाहेरून गोल करायला घेतली. तोवर सगळं ठीक होतं. मग आतलं लाकूड दिसलं, आणि झाली का पंचाईत! बाभळीचं लाकूड तसं लाल, सरळ रेघांचं. पण गाठीत ह्या रेघा सरळ राहिल्याच नव्हत्या. कुठं भोवरे, कुठं बारीक बारीक डोळे, मध्येच गुळाच्या पाकासारखा पिवळा पट्टा. आणि बाभूळ थंडीत तोडलेली, त्यामुळं वरची काळी खरबरीत साल लाकडाला घट्ट चिकटून. काठवट करायची तर ही साल आधी उडवायला हवी. गौरीशंकरनं तिच्यावरून बोट फिरवलं. एका जागी ती गुळगुळीत, झिजल्यासारखी होती. का ते त्याला कळेना.

"राहू दे जराशी," तो स्वतःशीच म्हणाला. घात झाला तो तिथंच.

साल ठेवायची म्हणजे भांड्याचा काठ सालीचाच, तो सरळ येणार नाही. गाठ जशी वरखाली, तसाच काठही वरखाली. खराद फिरायला लागली की गोल पटाशी अर्धा वेळ लाकडात आणि अर्धा वेळ हवेत. टक-टक-टक असा आवाज, आणि हात जरा हलला की साल उडून भिंतीवर. आणि असला वेडावाकडा काठ जाड बुडावर शोभतो होय? नाही शोभत. तो पातळच हवा. काठाजवळचं एकदा पातळ केलं की तिथं परत पटाशी लावायची सोय नाही, लाकूड तेवढ्यात वाकतं. म्हणजे जे करायचं ते एका दमात. त्यानं पलीकडून बल्ब लावला. लाकडातून उजेड तांबूस दिसायला लागला. अजून जरा. अजून एक हात. बल्बचा उजेड सगळीकडं सारखा झाला तेव्हा त्यानं श्वास सोडला, खराद थांबवली, आणि आनंदानं ओरडला, "शिवलीला, बघ गं!"

शिवलीला आली. भांडं तिनं दोन्ही हातांत अलगद धरलं. कितीतरी वेळ ती बघतच राहिली.

"लई देखणं झालंय," ती म्हणाली. "आता काठवट कुठं हाय ती दाखवा."

गौरीशंकरचा चेहरा पडला.

"हिच्यात पीठ मळलं तर मूठ खालून बाहेर निघंल," शिवलीला म्हणाली. "जावा आता अव्वाकडं."

पण जाईल कसा? तीन वेळा निरोप आला, तीन वेळा त्यानं 'पॉलिश चालू हाय' म्हणून सांगितलं. शेवटी एक दिवस गुपचूप एसटीनं तुळजापूर गाठलं. देवळाच्या रस्त्याला, कुंकवाच्या ढिगाऱ्यांशेजारच्या दुकानातून एक जाड बुडाची काठवट घेतली. घरी आणून पॉलिश पेपर मारला, तेल पाजलं, लाल दिसेपर्यंत घासली.

"अव्वाला फसवणारा अजून जन्माला यायचाय," शिवलीला म्हणाली. पण तोवर तो काठवट काखोटीला मारून निघाला होता.

रुद्रम्मानं काठवट उचलली. हातावर तोलली. नाकाशी नेऊन वास घेतला. मग पालथी घातली, बुडाच्या खाचेत नख घातलं आणि ते नख गौरीशंकरपुढं धरलं. नखावर कुंकू.

"गौऱ्या, माझी बाभूळ तुळजापूरला कधी गेली रं?"

रुद्रम्मानं काठवट खाली ठेवली.

"आंब्याचं लाकूड हाय हे. चाळीस वरसं त्या बाभळीचं काटं माझ्या टाचंत मोडल्यात, मला शिकवतोस व्हय? कुठं हाय माझी गाठ? जाळलीस?"

"न्हाय अव्वा."

"मंग आण."

तो घरी गेला, टॉवेलात गुंडाळलेलं भांडं घेऊन परत आला, आणि शिक्षा घ्यायला उभं राहावं तसा दारात उभा राहिला. त्याला खरंच रडू येत होतं. एवढ्या वर्षांत हिनं एकच गोष्ट मागितली, आणि आपल्याला तेवढीही सरळ करता आली नाही. वर खोटंही बोललो.

"म्या चुकलो, अव्वा. हात थांबला न्हाय."

रुद्रम्मानं टॉवेल सोडला. भांडं हातात घेऊन ती उंबऱ्याशी उजेडात गेली. ऊन लाकडातून आरपार आलं आणि पलीकडून धरलेली तिची बोटं दिसायला लागली.

"काठ फुटलाय का रं?"

"न्हाय. झाडाची साल हाय ती. जशी होती तशी ठिवली."

तिनं सालीवरून बोट फिरवायला सुरुवात केली. फिरवता फिरवता ते त्या गुळगुळीत जागेवर येऊन थांबलं. पुन्हा मागं गेलं, पुन्हा तिथंच आलं.

"अगं बया!" ती एकदम म्हणाली. "हितं दोर घासायचा! माझ्या चंद्री म्हशीचा. ह्याच गाठीला अडकवायची म्या, खाली घसरायचा न्हाय म्हणून. तूच तर बसायचास तिच्या पाठीवर. दूध काढू द्यायचा न्हाईस, मुडद्या!"

गौरीशंकरला चंद्री आठवली. तिची तापलेली काळी पाठ आठवली, आणि तो हसायला लागला.

"साल काढली असतीस तर मला कसं वळखू आलं असतं?" रुद्रम्मा म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ते तिनं लपवले नाहीत. "काठवट काय, बाजारात मिळती. मिळाली की आता. बस तिथं."

त्या आंब्याच्या काठवटीत तिनं पीठ घेतलं, मळलं, थापलं. काठवट जागची हलली नाही. "बरी हाय," ती म्हणाली, "पण परत खोटं बोललास तर पिठाऐवजी तुला मळीन."

तव्यावरची पहिली भाकरी टम्म फुगली. रुद्रम्मानं ती बाभळीच्या भांड्यात ठेवली, कडेला चटणी वाढली आणि भांडं त्याच्यापुढं सरकवलं. गौरीशंकर मुकाट्यानं खायला बसला. भाकरी संपली तसा तो हात झटकून उठायला लागला.

"उठतोस कुठं?" तव्यावर दुसरी टाकत रुद्रम्मा म्हणाली. "शेडात हुतो तवाबी तुला दोन लागायच्या."