चंद्रकांताचा गुंड

तुलारामचा ट्रंपेट गळ्याशी फुटला, त्याच महिन्यात त्याची बायको चंद्रकांता गेली होती. लाखनीच्या बँडचा मालक योगेंद्र भेटायला आला. जाताना म्हणाला, "लग्नं सुरू व्हायच्या आत बाजा नीट कर, नाहीतर बँडचा कोट वापस दे." बँडशिवाय तुलारामला दुसरं काही येत नव्हतं.

नवा बाजा परवडणारा नव्हता. भंडाऱ्याचा भांडी जोडणारा म्हणाला, "जाड पितळ आण, डाग देऊन जोडून देतो." घरात पितळ एकच, चंद्रकांतानं माहेरून आणलेला पाण्याचा गुंड. पाणी भरून, घासून त्याचं पोट पातळ झालेलं. जाड राहिला होता फक्त गळा, आणि तिथंच ठिपके ठोकून तिचं नाव घातलेलं. तुलारामनं मान फिरवली आणि म्हणाला, "काप."

डाग पक्का बसला. आवाज पहिल्यापेक्षा भरदार निघाला. बँडवाल्यांनी बाज्यावर आलेलं तिचं नाव वाचलं. एकजण म्हणाला,

"काय गा तुलाराम, जिती होती तवा तिले कवा बोलू देल्लं नाही, आता रोज तोंडाले लावतं!"

सगळे हसले. तोही हसला.

पहिलंच लग्न साकोलीजवळ. वरात मांडवाशी आली. नवरीची आजी गिरजाबाई आरती घेऊन पुढं झाली. ती चंद्रकांताच्याच माहेरगावची. तिनं नाव वाचलं आणि ताट मागं घेतलं.

"मेलेल्या बाईचं नाव माह्या नातीच्या मांडवात? काहाडा थे!"

तुलारामनं घाईघाईनं नावावर रुमाल गुंडाळला.

"झाकलं म्हणून मेलेली जिती होते का रे?"

योगेंद्रनं जनरेटरवाल्याकडून कानस आणली. "घास. वरात खोळंबली हाये."

"मालक, मी मागं उभा राहतो ना."

"घास, नाही त कोट काढ."

तुलाराम घासू लागला. ठिपके खोल होते. पहिली अक्षरं गेली. शेवटच्या अक्षराशी पितळ कागदासारखं झालं आणि कानस आरपार गेली.

गिरजाबाईनं वाकून पाहिलं. "आता बरं," म्हणाली आणि नवरदेवाला ओवाळायला लागली.

तुलारामनं ट्रंपेट तोंडाला लावला. भोकातून नुसता वारा आला. योगेंद्रनं हात पुढं केला. तुलारामनं कोटाची बटणं सोडली.

"अन् थो पितळेचा भुसा झाडून टाक," योगेंद्र म्हणाला. "नवरीच्या पायाले रुतन."