सात जणींचा एक स्पंज

गाद्यांच्या त्या दुकानात रोज सकाळी पावणेदहाला, शटर अर्धंच वर गेलेलं असताना, चेहऱ्यांची तपासणी होत असे.

"गादी विकणारीचे डोळे खोल गेलेले दिसले तर गिऱ्हाईक काय म्हणेल?" असं मालक विचारायचे आणि उत्तरही स्वतःच द्यायचे, "म्हणेल, हिलाच झोप लागत नाही, ही मला काय झोपवणार!" हे वाक्य त्यांना इतकं आवडायचं, की दर सोमवारी ते नव्यानं सुचल्यासारखं बोलून स्वतःच हसायचे.

तेव्हा सहा विक्रेत्या ट्यूबलाइटखाली रांगेत उभ्या राहत. त्यांच्यावरची मुख्य विक्रेती, जिला सगळ्या ताई म्हणत, ती बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन एकेकीसमोर थांबे. डब्यात फुटपाथवरून आणलेली क्रीमची एक बरणी असे. तिच्यावर ना कंपनीचं नाव, ना आत काय कालवलंय त्याचा पत्ता. फक्त चकचकीत अक्षरांत छापलेलं, 'आठ तासांची झोप आठ मिनिटांत!' वास म्हणाल तर गुलाब आणि भिंतीचा रंग एकत्र ढवळल्यासारखा.

आणि त्या बरणीसोबत एक स्पंज. एकच! आणला तेव्हा तो गुलाबी होता म्हणे. आता चहात पडून फुगलेल्या बिस्किटासारखा दिसे. त्याच्या भोकाभोकांत जुनं काजळ, घाम आणि कुणाच्या तरी पापणीचे केस अडकलेले. तो सहा जणींच्या डोळ्यांखालून फिरे आणि शेवटी ताई तोच स्वतःच्या डोळ्यांखाली टेकवी. हे इतकं उघड लिहावं की नाही, याची मला शंका आहे. कुणी जेवताना वाचत असेल तर मी क्षमा मागतो. पण घाण झाकून ठेवल्यानं ती कमी झाल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही.

स्पंज धुवायचा नाही, हा नियम ताईचाच.

"अगं, धुतला तर त्यात मुरलेलं क्रीम वाया जातं," ती सांगायची. "मुरू दे. मुरलेल्या स्पंजाला निम्म्यानं क्रीम कमी लागतं."

सगळ्यांना ते पटलं होतं. काटकसरीची गोष्ट सांगणाऱ्याला आपण सहसा उलट प्रश्न विचारत नाही.

आता या बायकांचे डोळे खोल का जात, ते सांगायला हवं. दुकानाच्या दारावर पाटी होती, 'चोवीस तास सेवेत. उत्तर दोन मिनिटांत.' त्यासाठी दुकानाचा एक मोबाइल होता. तो रोज एकीनं घरी न्यायचा, उशाशी ठेवायचा आणि रात्रभर येणाऱ्या मेसेजना उत्तरं द्यायची. मालकांचं म्हणणं असं, की ज्याला झोप येत नाही तोच गादीचा विचार करतो, आणि तो रात्रीच करतो. खरंच लोक विचारत. कापसाची बरी की स्प्रिंगची? जिन्यातून वर चढेल का? एक गृहस्थ तर पहाटे तीनला नुसता अंगठा पाठवत. त्यालाही 'धन्यवाद' लिहावं लागे.

पाळी सातही जणींची होती, पण ती फिरता फिरता नेहमी चिमणीपाशी येऊन अडके. चिमणी म्हणजे सगळ्यांत धाकटी, अंगानं काडी. आईबरोबर राहायची.

"तुझं काय गं, ना नवरा ना पोर," उशांच्या काउंटरवरच्या काकू म्हणायच्या. "आमच्याकडे पाहुणे आहेत. आज तूच ने."

पाहुणे चार दिवस होते. चार रात्री फोन चिमणीनंच नेला.

पाचव्या सकाळी तिचा डावा डोळा लाल होता. कडेला पिवळसर पू साचला होता.

"ताई, आग होतेय. आज नको लावू या का?"

"चोळतेस कशाला? मालक येतील आता. अशी दिसलीस तर मलाच बोलतील," ताई म्हणाली आणि तिच्या डोळ्याखाली तिनं दोन थर जास्तच थापले. मग तोच स्पंज पुढच्या चेहऱ्याकडे नेला.

दुपारी एक जोडपं गादी बघायला आलं. चिमणी त्यांना उशी दाबून दाखवत होती. डोळ्यातून गळणाऱ्या पाण्यानं क्रीमचा ओघळ झाला आणि तो हनुवटीपर्यंत आला. तिनं तो हातानंच पुसला. त्या बाई दोन पावलं मागे सरकल्या.

"शी! अहो, हिच्या डोळ्याला घाण येतेय! आणि तोच हात उशीला लावतेय!"

नवऱ्यानं बायकोचा दंड धरला आणि दोघं तडक बाहेर पडली. मालक काचेच्या खोलीतून धावत आले. चपलेला लागलेल्या शेणाकडे आपण ज्या नजरेनं बघतो, त्या नजरेनं त्यांनी चिमणीकडे पाहिलं.

"घरी जा," ते म्हणाले. "आणि ताई, उद्या सकाळी हिचा चेहरा नीट दिसला नाही, तर ही पुन्हा नको. दुसऱ्या पुष्कळ मिळतात."

चिमणी रडायला लागली. रडताना तो डोळा आणखीनच चिकटला. तिच्या घरात कमावणारी ती एकटीच होती, हे ताईला माहीत होतं.

आता ताईनं काय करावं? सरळ डॉक्टरकडे न्यावं, हे तुम्हाआम्हाला इथे बसून सुचतं. ताईला सुचली तिची नणंद! नणंदेचं दोन गल्ल्या सोडून, घराच्या पुढच्याच खोलीत, ब्यूटी पार्लर होतं. ताईला वाटलं, वन्सं काहीतरी चांगलं लावून सकाळपुरता चेहरा करून देतील. नणंदेची जीभ तिच्या कात्रीपेक्षा धारदार आहे, असं तिचा सख्खा भाऊ म्हणायचा. अर्थात ती आसपास नसताना.

"वन्सं, हिला उद्यापुरती दिसण्यासारखी करून द्या हो. नोकरी जाईल हिची."

नणंदेनं चिमणीला खुर्चीवर बसवून दिवा जवळ ओढला. बोटानं खालची पापणी हलकेच ओढून बघितली.

"काय लावलंयस हिला?"

ताईनं पिशवीतून डबा काढून दिला. नणंदेनं झाकण उघडलं आणि मान अशी फिरवली, की कानातलं गालावर आपटलं.

"शी! शी शी शी! वहिनी, हे काय आहे?"

"स्पंज."

"किती जणींचा?"

"सात."

"धुतला कधी?"

ताईनं मुरलेल्या क्रीमचा हिशेब सांगितला. सांगताना तो पहिल्यांदाच तिला स्वतःला विचित्र वाटला.

"पायपुसणं गं हे! नाही, पायपुसण्याचा अपमान नको, ते लोक आठवड्याला धुतात तरी. सात जणींच्या डोळ्यांचा मळ तू सात जणींना वाटतेस, आणि वर काटकसर म्हणतेस?"

"स्वस्त पडतं म्हणून केलं हो. सगळ्यांना परवडावं..."

"स्वस्त काय असतं ते मला विचार. वीस वर्षं लोकांची तोंडं सजवून पोट भरतेय मी. धुतलेलं फडकं, ज्याचं त्याला वेगळं, हे स्वस्त. गार पाण्यानं तोंड धुणं फुकट. रोज ठरल्या वेळी आडवं व्हायचं, दिवा मालवायचा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा, संध्याकाळनंतर चहाला नाही म्हणायचं, याला काय पडतं? माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायकांना क्रीमची गरजच नसते. झोपेची असते. ती माझ्याकडे विकायला नाही, म्हणून मी क्रीम लावते. खोटं कशाला बोलू? मलाही माझा कधीकधी वीट येतो."

मग ती चिमणीकडे वळली. "तुला गं काय झालं न झोपायला? या वयात तर दगडावर झोप यावी."

चिमणीनं फोनचं सांगितलं. चार रात्रींचं सांगितलं. "परवा तर एक बाई रात्री दीडला मानेच्या उशीचं विचारत होत्या. फार मऊ नाही ना, माप काय, खोळ निघते का. पाच वेळा विचारलं."

नणंदेनं दिवा बाजूला सारला. 

"चेन आहे, खोळ निघते, धुता येते. शुभ रात्री," ती हळूच म्हणाली. "असंच लिहिलं होतंस ना?"

चिमणीचा उघडा डोळा मोठा झाला.

"ती बाई मीच. मान दुखत होती म्हणून जागी होते. मला वाटलं, एवढ्या रात्री यंत्रबिंत्र उत्तर देत असेल. पटापट उत्तरं आली, तर मी खूश! म्हटलं, काय छान दुकान आहे!" तिनं हातातला टॉवेल खुर्चीवर फेकला. "आणि मी बसलेय वहिनीला शिकवत. ऊठ गं पोरी. वहिनी, तूही चल. रंगरंगोटी नाही, डॉक्टर."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. "वेळेत आलात," ते म्हणाले. "आणखी दोन दिवस हेच थापत राहिला असतात तर जखम बुबुळावर गेली असती. मग या डोळ्यानं नीट दिसलं नसतं. आठवडाभर औषध आणि झोप. हे लावत कोण होतं?"

ताईनं तोंड उघडलं. पण शब्द फुटेना. 'मी' एवढा एकच शब्द बोलायचा होता!

"मीच लावते, डॉक्टर," चिमणी म्हणाली. "माझं मीच."

ताईनं खाली मान घातली. आजवर त्या पोरीला तिनं रात्रींमागून रात्री जागू दिलं, तिच्या डोळ्यात घाण घातली, आणि ती पोर तिलाच पाठीशी घालत होती! स्वतःची इतकी किळस ताईला आयुष्यात कधी आली नव्हती. घरी जाऊन तिनं दोन वेळा तोंड धुतलं, साबणानं. तरी गालावर काहीतरी चिकटलेलं आहे असंच वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी पावणेदहाला पाच जणी रांगेत उभ्या होत्या. मालक आले.

"अजून तयारी नाही? डबा कुठाय?"

"टाकला," ताई म्हणाली. "मालक, चिमणी आठवडाभर येणार नाही. त्यानंतर येईल. तिला काढायचं नाही. तिचा दोष नाही, घाण मी लावली होती."

"डोळे आलेत गं तिला. साथ असते."

"साथ नाही. मी केलंय ते. डॉक्टरांपुढे बोलले नाही, इथे बोलते." तिनं दुकानाचा मोबाइल काउंटरवर ठेवला. "आणि दुकान नवाला बंद होतं, तेव्हा हाही नवाला बंद होईल. आम्हाला रात्रभर जागवायचं आणि सकाळी वरून रंग फासायचा, हे आता माझ्याच्यानं व्हायचं नाही."

"मग तुझ्या जागी दुसरी ठेवतो!"

"ठेवा."

मालकांनी फोन उचलून रांगेकडे पाहिलं. "काकू, आजपासून मुख्य तुम्ही. घ्या फोन."

काकूंनी फोनकडे पाहिलं, मग ताईकडे. एरवी त्यांच्याकडे कारण तयार असे. त्या दिवशी नव्हतं.

"नको मालक. पाहुणेही नाहीत माझ्याकडे. होते असं खोटंच सांगत होते. माझ्या झोपेपायी त्या पोरीचा डोळा बिघडला हो!" काकूंनी हात मागे घेतला. "मी नाही नेणार."

पुढचीनंही मान हलवली. तिच्या पुढचीनंही. पाचव्या बाईपर्यंत मालकांचा हात तसाच पुढे राहिला, फोनसकट.

शेवटी तो फोन त्यांनी स्वतः घरी नेला. ताईची मुख्य विक्रेतीची जागा मात्र त्यांनी त्याच दिवशी काढून घेतली आणि तिला मागच्या खोलीत खोळी घालायला बसवलं. मालक तीन रात्री लोकांच्या शंका निस्तरत राहिले. चौथ्या सकाळी ते आले ते डोळे तारवटलेले, बटणं खालीवर लागलेली. दारावरची पाटी त्यांनी स्वतःच उतरवली. रात्री मेसेज केला की आता आपोआप एवढंच उत्तर येतं, 'दुकान बंद आहे. सकाळी दहाला बोलू.' ही कल्पना आपलीच, असं ते अजूनही सांगतात. त्यांचा चेहरा तपासायला कोण जाणार!

नवव्या दिवशी चिमणी आली. डोळा स्वच्छ होता. तिच्या चेहऱ्यावर काही लावलेलं नव्हतं आणि तिला त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. मागच्या खोलीत तिनं आधी डोकावून पाहिलं, मग ताईशेजारी बसून खोळीचं दुसरं टोक धरलं.

"चिमणे, डॉक्टरांना जाऊन सांगून आले मी," ताई म्हणाली. "लावणारी मी होते म्हणून."

"कशाला ताई?"

"मला झोप येईना."

वाचकहो, उपदेश करायला मी फार लहान माणूस आहे. रात्री पुस्तक वाचता वाचता मीही अशा दुकानांना प्रश्न विचारलेले आहेत आणि चटकन उत्तर आलं म्हणून समाधानानं कूस बदललेली आहे. पलीकडे कोण जागं आहे, हे कधी मनातही आलं नाही. म्हणून जे सांगतो ते स्वतःलाही सांगतो. चेहऱ्याला लावायची वस्तू स्वस्त असो की महाग, ती स्वतःपुरतीच ठेवा आणि ती कशाची केली आहे ते कळल्याशिवाय डोळ्यांजवळ नेऊ नका. वेळेवर झोपा, हे सगळ्यांत स्वस्त सौंदर्यप्रसाधन आहे. आणि दुसऱ्याची झोप मोडून मिळणारी सोय कितीही गोड वाटली, तरी ती घाणच! तिला सेवा म्हणण्याची आपल्याला लाज वाटली पाहिजे.

आज रात्री दुकानाला काही विचारावंसं वाटलं, तर सकाळपर्यंत थांबा. गादीचं माप एका रात्रीत बदलत नाही.