डिस्कमधली कणी

"फार्मेट मारून दे अन् मोकळी हो," काकाजी म्हणाले. "ज्योत्स्नाच्या बापाले सांगतो, लग्न गेलं म्हणून."

"लग्न कुठं गेलं, काकाजी? शूटिंग अडकलं आहे," मी म्हणाले.

लिलाधर काकाजी म्हणजे आमच्या करडीचे शूटिंगवाले. सतरा वर्षांत गावातली एक हळद त्यांच्या कॅमेऱ्यातून सुटली नाही. आणि आता ज्योत्स्नाचं अख्खं लग्न पोटात घेऊन हार्डडिस्क उघडेना. भंडाऱ्याच्या दुकानदाराने 'आतून गेली' म्हणून परत केली होती. दुपारी ज्योत्स्नाचे बाबा येणार होते. "एकाचं लग्न बुडवलं, आता कोण बोलावंन मले? कॅमेरा इकून टाकतो," हेच काकाजींचं सकाळपासून चाललं होतं.

माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स आहे, मीच टाकलेलं. डिस्क लावली, काळ्या खिडकीत कमांड मारली. लाल ओळी धो धो खाली आल्या.

"काय येऊन राहिलं ते?" मंगला काकू दारातून म्हणाली.

"एरर."

"किती?"

"लगित. मोजता येणार नाहीत इतके."

सगळे शेवटची ओळ वाचून घाबरतात. मी पहिलीपासून वाचली. प्रत्येक एररच्या आधी तेच: यूएसबी तुटली, जोडली, पुन्हा तुटली. आणि न वाचता येणारी जागा दर वेळी वेगळी. डिस्क आतून खराब असती तर एकाच जागी अडखळली असती. ही तर दारातच अडखळत होती.

वायर बदलली. तेच. मग डिस्क काढून तिच्या खाचेत मोबाइलचा टॉर्च मारला. आत पांढरं काहीतरी होतं. खराट्याच्या काडीनं हळूच उकरलं, तर तळहातावर पडली तांदळाची कणी.

काकाजींनी कणीकडे पाहिलं, मग काकूकडे.

"वल्ला मोबाइल तांदळात ठेवते ना लोकं," काकू म्हणाली. "पावसाळ्यात हे बी वल धरन म्हणून डब्यात ठेवली होती."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"तुमी इचारलं कधी? उठले अन् सरके भंडाऱ्याले गेले."

पुन्हा जोडली. एकच ओळ आली: जोडली. मी वीसपर्यंत आकडे मोजले. दुसरी ओळ आलीच नाही. आधी सगळं माझ्याकडे कॉपी करून घेतलं. दुकानदाराला जे दिसलं नाही ते नववीतल्या मला दिसलं, हे मी वर्गात निदान आठवडाभर सांगणार आहे.

मग लग्न लावलं. मांडव, अक्षता, गर्दी. आणि कॅमेऱ्यामागून काकाजींचा आवाज: "सरका ना भाऊ जरासे. नवरीची माय मांगं राहिली. ये बाई, समोर ये." गर्दी सरकली. हात पदराला पुसत ज्योत्स्नाची आई पुढे आली.

स्वतःचा आवाज काकाजी दर वेळी कापतात.

"कापू?" मी विचारलं.

"राहू दे," ते म्हणाले, आणि आवाज थोडा वाढवला.