बोट झालं, आता घरचं सांगा

राम राम, सलाम, तुमच्याकडे जे चालत असेल ते घ्या. मी ऑक्सिमीटर बोलतोय. कपड्याच्या चिमट्यासारखं तोंड उघडतो, तुमचं बोट धरतो आणि रक्तात प्राणवायू किती आहे ते सांगतो. चावत नाही, निर्धास्त असा. माझी बोली जरा बाजारी वाटेल, त्याला इलाज नाही. माझी शाळा भरली ती नाशिकला, गोळे कॉलनीत, रहेमानभाईंच्या सर्जिकल दुकानाच्या काउंटरवर.

जन्माचं विचाराल तर फार सांगण्यासारखं नाही. एकाच साच्यातून निघालेली ढीगभर भावंडं, एकच खोकं. आम्ही दुकानात उतरलो तेव्हा करोनाची दुसरी लाट ऐन भरात होती. बाहेर रांग, आत रहेमानभाई. भावंडं बघता बघता संपली. मला मात्र भाईंनी काउंटरवरच ठेवून घेतलं, गिऱ्हाइकाला दाखवायला.

भाईंची एक रीत होती. मालाची खोड आधी सांगायची, भाव मागाहून. नखाला गडद रंग असला तर हा गडबडतो, हात गार असला तर अडखळतो, असं ते प्रत्येकाला आधीच सांगून टाकत. शेजारचे दुकानदार हसायचे, की हा माणूस माल विकतोय का परत पाठवतोय. पण गिऱ्हाईक फिरून यायचं ते भाईंकडेच.

एकदा विंचूरचे एक कांदा व्यापारी आले. आदल्या दिवशी नेलेलं माझं भावंड त्यांनी काउंटरवर आपटलं. म्हणाले, हा पीस खराब आहे, एक्क्याण्णवच्या वर चढतच नाही, जरा जास्त दाखवणारा द्या. माणूस हसत होता, बोलत होता, मास्कखाली सुपारी चघळत होता. भाईंनी ते भावंड स्वतःच्या बोटाला लावलं, अठ्ठ्याण्णव. मग मला शेठच्या बोटाला लावलं. मी एक्क्याण्णवच सांगितलं, मी काय कोणाचं मन राखायला बसलो होतो?

"शेठ, मशीन बदलून देतो," भाई म्हणाले, "पण बोट कुठून बदलून देऊ? आधी दवाखाना गाठा."

शेठ चिडले, पण गेले. महिनाभराने बरे होऊन आले ते कांद्याची गोणी घेऊन. ती गोणी दुकानात कुठे ठेवावी हा भाईंना मोठाच प्रश्न पडला होता.

हे सगळं काउंटरच्या आतून बघत होती फलक, भाईंची मुलगी. नुकतीच डॉक्टरीला लागलेली, पण कॉलेज बंद, त्यामुळे शरीररचना मोबाइलवर शिकायची. आकड्यावर विश्वास ठेवायचा, हे ती त्या दिवशी शिकली.

पुढे ती इंटर्न झाली, दिंडोरीकडच्या एका आरोग्य केंद्रात नेमणूक मिळाली. निघताना भाईंनी मला तिच्या ॲप्रनच्या खिशात टाकलं. "घरचा माल आहे, बेटा. पण याचीही खोड विसरू नकोस."

त्या केंद्रावर पूजा मॅडम मुख्य डॉक्टर होत्या. करोनात त्या स्वतः शिकाऊ होत्या, रात्रंदिवस वॉर्डात उभ्या राहिलेल्या. नव्या इंटर्नना त्या पहिल्याच दिवशी सांगत, की त्या वेळी आमच्या हातून चुका झाल्या, पण एक गोष्ट आम्हांला फार चांगली जमली होती. एक पेशंट सापडला की आम्ही त्याचं सगळं घर तपासायचो. साथ गेली आणि डॉक्टरांनी ती सवयही मास्कबरोबर टाकून दिली. तुम्ही टाकायची नाही. कोणीही येऊ दे, काहीही होऊ दे, बोट झालं की विचारायचं, घरी अजून कोणाला त्रास आहे?

पोरं आपसात हसायची. फलकच्या बरोबरीचा ओम तर पायात काटा मोडलेला शेतकरी आला की तिला कोपरानं ढोसायचा, "विचार ना, काटा सगळ्या घराला मोडलाय का." ती विचारायची, पण जरा लाजतच.

मग जानेवारीतली ती सकाळ आली. थंडी अशी, की द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून बागाबागांतून शेकोट्या पेटल्या होत्या. पूजा मॅडम लसीकरणाला दुसऱ्या गावी गेलेल्या. नाथा नावाचा बागायतदार आपल्या पिकअपमधून एका मजूरबाईला घेऊन आला. भागीबाई तिचं नाव. पेठ तालुक्यातून द्राक्षाच्या कामाला आलेली, नवरा आणि मुलीसह बागेतच राहणारी. डोकं धरून बसली होती, वाटेत दोनदा उलटी झालेली.

फलकनं तिचे हात चोळून ऊब आणली आणि मला बोटाला लावलं. मी अठ्ठ्याण्णव सांगितलं.

"आकडा तर झ्याक हाय, मॅडम," नाथा म्हणाला. "एक सुई टोचा नं सोडा. बागेत लय काम पडलंय."

फलकचाही जीव भांड्यात पडला. गोळ्या लिहायला तिनं पेन उघडलं. इथे मी तुम्हांला माझी खोड सांगतो, भाईंच्या रीतीप्रमाणे उघडपणे. रक्तात प्राणवायू भरलाय का कोंडलेल्या निखाऱ्यांचा विषारी वायू भरलाय, हे मला ओळखता येत नाही. दोन्ही मला सारखेच लाल दिसतात. माणूस गुदमरत असतं आणि मी मोठ्या तोऱ्यात अठ्ठ्याण्णव दाखवत असतो. मला तोंड असून बोलता येत नाही, नाहीतर तिथेच ओरडलो असतो.

पेन कागदावर टेकलं आणि सवयीनं फलकच्या तोंडून निघालं, "मावशी, घरी अजून कोणाला त्रास आहे?"

"त्यांचं बी डोकं दुखत व्हतं राती," भागीबाई म्हणाली. "धनी नं पोर अजून निजलेत. मी हाका मारल्या, उठलीच नाय."

फलकचा हात थांबला. झोपता कुठे, असं तिनं विचारलं. नाथानंच सांगितलं. बागेवर टाकायच्या प्लास्टिकची खोपी, वारा शिरू नये म्हणून चारी बाजूंनी घट्ट बांधलेली. आणि शेकोटी विझत आली, की त्यातले निखारे घमेल्यात भरून आत ठेवायची मजुरांची पद्धत. गरीब माणसं उबेत झोपतात, त्यात काय वाईट, असं त्याचं म्हणणं.

"नाथाभाऊ, आत्ता निघा," फलक म्हणाली. "आत शिरण्याआधी प्लास्टिक फाडा. दोघांना उघड्यावर काढा आणि तसेच इकडे आणा. सुईचं मागून बघू."

नाथा चावी घेऊन पळाला. तिनं रुग्णवाहिकेला फोन लावला, मॅडमना कळवलं आणि भागीबाईला ऑक्सिजनचा मास्क चढवला. नवसाबाई सिस्टर जुन्या जाणत्या, करोनात त्यांनी ऑक्सिजन जपून जपून पुरवला होता. त्यांनी टोकलंच, अठ्ठ्याण्णव असलेल्याला कोणी ऑक्सिजन लावतं का?

"सिस्टर, आज आकडा बघायचा नाही, निखाऱ्यांचा वायू याला ओळखता येत नाही," फलक म्हणाली आणि मला काढून टेबलावर उताणं ठेवलं. आयुष्यात इतका मान मला कोणी दिला नव्हता.

पिकअप परत आली. नवरा शुद्धीवर येऊन ओकत होता. पोर नाथाच्या मांडीवर, अंगावर त्याचंच स्वेटर. मास्क लावल्यावर काही वेळानं तिनं डोळे उघडले आणि अनोळखी माणसं बघून भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं मी आजवर कधी ऐकलं नव्हतं. तिघांनाही रुग्णवाहिकेनं नाशिकला नेलं, तिघंही बरी होऊन परतली. नाथानं त्याच आठवड्यात मजुरांसाठी पत्र्याची खोली उभी केली, वर हवेला झरोका ठेवून.

रहेमानभाईंना हे कळल्यावर ते इतकंच म्हणाले, की खोडींच्या यादीत एक वाढली. आता त्यांच्याकडून मशीन घेणाऱ्याला निखाऱ्याची गोष्टही ऐकावी लागते.

माझं म्हणाल तर माझ्या एका कडेचं प्लास्टिक उडालंय, झाकण रबरानं बांधलंय, पण काम चोख. पूजा मॅडम प्रत्येक नव्या तुकडीपुढे मला ठेवतात. आणि मी मनातल्या मनात त्या पोरांना सांगतो, बाबांनो, माझा आकडा ऐका, तो उडवून लावू नका, पण तो ऐकून उठूनही जाऊ नका.

कालच एक नवी इंटर्न आली. समोर खोकणारे आजोबा. तिनं मला लावलं, मी अठ्ठ्याण्णव म्हणालो. तिनं पेन उचललं, मग खाली ठेवलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"आजोबा," तिनं विचारलं, "घरी अजून कोण कोण असतं?"

बोट निघालं, मी विझलो. माझं काम झालं होतं, तिचं सुरू झालं होतं.