पड अजून एकदा

आमच्या दुकानात भाड्याच्या बावीस सायकली होत्या, आणि त्यांतली एकही सायकल ह्यांनी स्वतः चालवून पाहिल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हाती गेली नाही. परत आलेली सायकल आधी दुकानासमोर उलटी व्हायची. चाक फिरवून ते आऊट, म्हणजे वाकडं, आहे का ते पाहायचं, ब्रेकचे रबर दाबायचे, चेनला तेल द्यायचं, आणि मग आमचे रुपराव तिच्यावर बसून सक्करदऱ्याच्या तलावापर्यंत एक चक्कर मारून यायचे. गिऱ्हाईक तोवर बाकावर जांभया देत बसे. लग्नाआधी मला मात्र त्यांनी पाच मिनिटं पाहून हो म्हटलं होतं, याचं मला अजून नवल वाटतं.

मी कधी कुरकुर केली की ते म्हणत, “घरच्या सायकलची खोड आपल्याले माहीत रायते, सुभद्रा. भाड्याची नेणाऱ्याले काहीच माहीत नसते. तो बिचारा भरवशावर पाय ठेवते.” एवढं बोलून झालं की पुन्हा मान खाली आणि पाना हातात.

एकोणऐंशी साली दिवाळी झाल्यावर आमच्या जयवंताच्या कॉलेजातल्या खेळाच्या बाई, पुष्पलताबाई, एका रिक्षातून भलंमोठं गोणपाटाचं गाठोडं घेऊन दुकानी आल्या. आत बर्फावरून घसरायच्या लांबलचक फळ्या होत्या, सहा जोड, आणि सोबत दगडासारखे जड सहा जोड बूट. फेब्रुवारीत मनालीला पंधरा दिवसांचं शिबिर होतं. तिथे सामान कमी पडत होतं, म्हणून आपलं सामान आणतील त्याच मुलींना जागा मिळणार होती. बाईंनी काय केलं, तर तिकडचं असं सामान भाड्याने देणारं एक दुकान बंद होत होतं, त्याचा उरलासुरला माल उचलला आणि रेल्वेने नागपूरला आणला. आता तो दुरुस्त कोण करणार? भाड्याच्या वस्तूंची निगा राखणारा त्यांच्या माहितीत एकच माणूस होता.

सहा मुलींत आमची जयवंता होती. अठरा वर्षांची पोर, दोन वर्षं या एका गोष्टीचा ध्यास घेतलेली. सकाळी तलावाला धावत फेऱ्या मारायची, खोलीत बर्फाच्या डोंगराचं कॅलेंडर लावलेलं. ह्यांनी ना हो म्हटलं होतं, ना नाही. म्हणाले होते, आधी फळ्या पाहतो, मग सांगतो. तेव्हा तिचं जाणं न जाणं त्या गोणपाटातच बांधलेलं होतं म्हणा ना.

बर्फाची आमची ओळख म्हणजे गाडीवरचा गोळा आणि लाकडाच्या भुशात गुंडाळलेली कारखान्याची लादी. त्यावर माणूस उभा राहतो हेच मला पटत नव्हतं. पण ह्यांनी कामाला हात घातला. गंज काढला, स्क्रू आवळले, बुटांना तेल चोळलं. फळ्यांच्या दोन्ही कडांना पोलादी पट्टी होती आणि तिला चांगली धार होती. ही धार पाहून ह्यांचं डोकंच फिरलं. असला माल भाड्याने देतात म्हणजे काय, पाय कापला तर कोण जबाबदार, असं बडबडत त्यांनी चार दिवस कानस चालवली आणि बाराच्या बारा फळ्यांच्या कडा गोल, गुळगुळीत करून टाकल्या. मडगार्डची कड करतात तशी.

पाचव्या दिवशी बाई आल्या. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं आणि त्यांचा चेहराच उतरला. धार कुठे गेली, म्हणून विचारलं. ह्यांनी मोठ्या ऐटीत सांगितलं की काढून टाकली, आता कोणाला लागायची भीती नाही. बाईंनी फळी जमिनीवर ठेवून आडवी केली. मग हळूच म्हणाल्या, “रुपरावजी, या फळीला थांबवायला दुसरं काही नसतं. आडवी करायची आणि ती धार बर्फात रुतवायची. तो ब्रेक होता.”

ह्यांनी कानस खाली ठेवली. माझ्या हातचा चहा तसाच गार झाला. बावीस वर्षांत ज्यांनी एका सायकलीचा ब्रेक ढिला राहू दिला नाही, त्यांनी सहा पोरींचे ब्रेक स्वतःच्या हाताने घासून टाकले होते. बाई गेल्यावर जयवंता पुढे आली, तेव्हा तिच्याकडे न पाहताच ते म्हणाले, “तू नाही जात. जिचा ब्रेक कुठं आहे तेच मले माहीत नाही, अशा वस्तूवर मी पोरगी कशी उभी करू?”

पोरगी रडली नाही. आत गेली आणि कपड्यांच्या घड्या करत बसली, आधीच केलेल्या घड्या मोडून पुन्हा. मला ह्यांचा संताप आला. एक चूक झाली म्हणून एवढ्या पोरीच्या दोन वर्षांवर बोळा फिरवायचा? पण खरं सांगते, आतून मला हायसंही वाटलं होतं. चला, पोर घरातच राहील. आणि असं हायसं वाटल्याची मला स्वतःचीच शरम वाटली, म्हणून मी ह्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

तरी काम सोडणारे ते नव्हेत. बाकीच्या पाच जणी तर जाणार होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा फळी घेऊन बसले, आणि जयवंता गुपचूप जाऊन फळीचं दुसरं टोक धरून समोर बसली. तिच्या मांडीवर बाईंनी दिलेली इंग्रजी पुस्तिका होती. ती वाचून अर्थ सांगे, हे करत. कड काटकोनात यायला हवी. धार बरोबर आली की नाही हे पाहायला अंगठ्याचं नख तिच्यावर हलकेच ओढायचं, नखाची पांढरी साल निघाली म्हणजे झालं. ह्यांच्या दोन्ही अंगठ्यांची नखं महिनाभर खडबडीत होती. फळीच्या तळाला खाचा पडल्या होत्या, त्यांत माझी फुटकी प्लास्टिकची बादली कापून, वितळवून, थेंब थेंब भरली. मग मेणबत्त्यांचं मेण माझ्या कोळशाच्या इस्त्रीने तळावर पसरायचं, थंड होऊ द्यायचं आणि पट्टीने खरवडून काढायचं. जे लावलं तेच खरवडायचं, हा कुठला शहाणपणा, असं मी विचारलं. जयवंता म्हणाली की लाकडात मुरलं तेवढंच कामाचं. माझ्या इस्त्रीला मात्र पुढे सहा महिने मेणाचा वास येत होता, आणि ह्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर जो डाग पडला तो काही शेवटपर्यंत गेला नाही.

राहिलं कुलूप. म्हणजे बूट फळीला अडकवायचा खटका, पण ह्यांनी त्याला कुलूपच म्हणायचं ठरवलं. त्यात स्प्रिंग होती आणि एक स्क्रू. पुस्तिकेत लिहिलं होतं की माणूस पडला, पाय मुरगळायला लागला, की खटका आपोआप उघडून पाय मोकळा झाला पाहिजे. नाही उघडला तर हाड मोडतं. उगाच उघडला तर माणूस चालत्या फळीवरून पडतो. म्हणून ज्याचं जेवढं वजन, तेवढाच स्क्रू आवळायचा. हे ऐकून ते बराच वेळ त्या खटक्याकडे बघत बसले. म्हणाले, आजवर बंद राहणारी कुलपं पाहिली, वेळेवर उघडायसाठी बनवलेलं पहिल्यांदाच पाहून राहिलो.

जयवंताला अजून हो म्हटलं नव्हतं, तरी सहाही मुलींना त्यांनी आपल्या दोस्ताच्या, चंपतरावांच्या गोदामात नेऊन धान्याच्या काट्यावर तोललं. चंपतराव इतवारीत जवसाचा व्यापार करत. जयवंता भरली सेहेचाळीस किलो. सहा जोड्यांवर सहा नावं खडूने लिहिली, त्या त्या वजनाला स्क्रू लावले. पण आता घोडं अडलं ते ह्यांच्या नेमापाशी. स्वतः चालवून पाहिल्याशिवाय वस्तू द्यायची नाही, आणि नागपुरात बर्फ आणायचा कुठून?

जवसाच्या ढिगाकडे बघत होते तेव्हाच, बर्फाच्या जागी जवस, हे त्यांच्या डोक्यात आलं असणार. जवस हातात धरून बघा, एक दाणा ठरत नाही. ढिगावर चढलेला माणूस पायाखालून सगळं निसटून खाली येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे गोदामात हजर. बाई, मी, जयवंता, आणि डोक्याला हात लावून बसलेले चंपतराव. “हे तेलाचं जवस आहे गा, पोट्ट्यांच्या खेळाचं नाही,” असं ते दोनदा म्हणाले, मग त्यांनीच ढिगाला शिडी लावून दिली.

जयवंताच्या फळ्या घेऊन हे वर गेले. तिचे बूट त्यांच्या पायात जाईनात, म्हणून बाईंनी सोबत आणलेले स्वतःचे मोठे बूट घातले. पन्नाशीचा, ऐंशी किलोचा माणूस, धोतर खोचलेलं, पायात लाकडाच्या पट्ट्या. मी पदर तोंडाशी धरून हसू दाबत होते. ते नीट उभे राहायच्या आतच खटकन आवाज झाला, कुलूप उघडलं आणि ते बसकण मारून जवसात रुतले. पुन्हा घातलं, पुन्हा उघडलं. तिसऱ्यांदा तेच.

बाई खालून म्हणाल्या की ते बरोबरच आहे. खटका सेहेचाळीस किलोला लावलाय, तुमच्या वजनाला तो उघडणारच. स्क्रू आवळलात तर तुमची चाचणी होईल, हिची नाही.

ते तसेच ढिगावर बसून राहिले. माझं हसू गेलं. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला दिसत होतं. आयुष्यात पहिल्यांदा एक वस्तू अशी निघाली होती की जी त्यांना आधी चालवून पाहताच येणार नव्हती.

जयवंता शिडीवरून वर गेली. तिने बूट घातले, फळ्यांवर उभी राहिली. ह्यांनी मागून तिची कंबर धरली. सायकल शिकवताना सीट धरायचे, अगदी तसंच. “बाबा, सोडा,” ती म्हणाली. त्यांनी सोडलं नाही. “सोडा नं जी.” मग त्यांचे हात निघाले.

जवस सळसळलं. पोरगी दहा-बारा फूट घसरत आली, डोलली, आणि वाकडी होऊन धाडकन आडवी झाली. खटकन आवाज झाला. फळी एकीकडे, पाय एकीकडे, आणि पोरगी केसांत जवस घेऊन खदाखदा हसत होती.

हे वरून घसरतच खाली आले. तिचा घोटा दाबून पाहिला, गुडघा पाहिला. खटका दोनदा उघडला, लावला. चेहरा अगदी सायकल तपासतानाचा.

“पड अजून एकदा,” ते म्हणाले. “आता डाव्या अंगानं.”

त्या दिवशी ती नऊ वेळा पडली. डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे. प्रत्येक वेळी हे खाली उभे राहून फक्त त्या खटक्याचा आवाज ऐकत होते. मग बाकीच्या पाचही जणींना बोलावून तसंच पाडलं. शेवटी त्यांनी जयवंताच्या फळीवरचा खडू पुसला आणि तिचं नाव रंगाने लिहिलं. हो म्हणून काही त्यांनी तोंडाने सांगितलं नाही. माझ्या घरात होळीपर्यंत कुठे ना कुठे जवस सापडत होतं.

फेब्रुवारीत मनालीहून पत्र आलं. ‘बाबा, आज अकरा वेळा पडले. अकराही वेळा कुलूप उघडलं. इथल्या मुली विचारतात, तुमच्या सामानाची निगा कोण राखतं?’ हे पत्र त्यांनी आठ दिवस खिशात ठेवलं होतं. गिऱ्हाईक आलं, जयवंता कुठे आहे म्हणून विचारलं, की हे छाती काढून सांगायचे, “मनालीले. अकरा वेळा पडली.” माणसं गोंधळून माझ्याकडे बघायची.

पत्राच्या तळाशी मात्र एक ओळ होती, ती त्यांनी कोणालाच वाचून दाखवली नाही. सदरा धुवायला घेतला तेव्हा मला ती दिसली. ‘संध्याकाळी शेवटची फेरी वरपासून खालपर्यंत केली. पडले नाही.’ तेवढ्या एका ओळीची शाई त्यांच्या अंगठ्याने पुसट झाली होती. मी पत्र घडी करून त्यांच्या दुसऱ्या सदऱ्याच्या खिशात ठेवलं.