गळ्यातला काळा गोल

दिराच्या पित्ताशयात खडे झाले आणि ऑपरेशन ठरलं, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी भूल द्यायचं काम वहिनीच्याच गळ्यात टाकलं. ती त्याच हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, मग बाहेरचं माणूस कशाला, असा सरळ हिशोब. पण तिने साफ नकार दिला. आपल्या माणसाला भूल देताना डोकं थाऱ्यावर राहत नाही, म्हणाली. मग भूल द्यायला तिचा सहकारी तयार झाला, आणि ती नुसती सोबत म्हणून आली.

ऑपरेशनच्या सकाळी थिएटरबाहेरच्या खोलीत दीर पलंगावर हिरवा गाऊन घालून बसला होता. धंद्याने प्लंबर, अंगाने काटक, तोंडाने अखंड चालू. त्याची बायको, म्हणजे वहिनीची धाकटी जाऊ, पिशवी मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसली होती.

"भाऊजी, तोंड उघडा. मोठं. आता मान मागे टाका."

सगळं छान होतं. पडजीभ पूर्ण दिसत होती, मान लांब, दात घट्ट. भूल दिल्यावर श्वासनळीत नळी घालायची असते, ती इथे अलगद जाणार हे उघड होतं. "सोपी केस आहे," ती सहकाऱ्याला म्हणाली.

सहकारी सोनोग्राफीचं छोटं मशीन ढकलत आला. गेले काही महिने तो प्रत्येक पेशंटचा गळा त्यावर बघायचा. कातडीपासून श्वासनळीवरच्या झडपेपर्यंतचं अंतर मोजायचं. ते जास्त भरलं तर नळी घालताना त्रास होणार हे आधीच कळतं, असं त्याचं म्हणणं. थिएटरमधले लोक त्याला मोजपट्टी म्हणत. वहिनीला हा हौसेचा मामला वाटायचा.

"एवढी बारीक मान, त्यात काय मोजायचं?" ती म्हणाली.

"बारीक मानांचेही आकडे लागतात," मोजपट्टी म्हणाला आणि दिराच्या गळ्याला थंड जेल लावलं.

"नळीचं काम आहे होय?" दीर हसला. "मग आधी मला विचारायचं. कुठे तुंबलंय ते मी नुसतं आवाजावरून सांगतो."

मोजपट्टी हसला नाही. मशीनचा प्रोब त्याने हनुवटीखाली जरा तिरका केला, पुन्हा सरळ केला. "मॅडम, जरा बघता?"

पडद्यावर जिभेच्या मुळाशी एक काळाभोर गोल दिसत होता. रक्तवाहिनी असेल, तिला वाटलं. प्रोब स्वतःच्या हातात घेऊन तिने रक्ताचा प्रवाह दाखवणारं बटण दाबलं. गोलात काहीच हललं नाही. पाण्याने भरलेली गाठ होती ती, मोठ्या द्राक्षाएवढी, आणि झडपेला मागे रेटून बसली होती. तोंडातून कितीही वाकून बघितलं तरी दिसली नसती, अशा जागी.

पुढचं सगळं तिला डोळ्यांसमोर दिसलं. भूल चढणार, स्नायू सैल पडणार, गाठ मागे कलंडून वाटेवर बसणार. मास्कमधून कितीही हवा ढकलली तरी छाती हलणार नाही. आत दुर्बीण घालावी तर समोर फक्त ती गाठ. आणि हे सगळं आणखी थोड्याच वेळात, हसतखेळत, सोपी केस म्हणून.

"वहिनी, काय झालं? तुमचा चेहरा का उतरला?"

तिने प्रोब परत दिला. मोजपट्टीनेच सांगितलं. "तुमच्या घशात गाठ आहे. आज नेहमीसारखी भूल देता येणार नाही."

दिराचा हात आपोआप गळ्याकडे गेला. जाऊबाई उठून उभी राहिली, मांडीवरची पिशवी खाली पडली तरी तिचं लक्ष नव्हतं.

"ताई, म्हणून ते उताणे झोपत नाहीत का?" तिने विचारलं. "वर्ष झालं, खुर्चीत बसून झोपतात. पडलं की कोंडल्यासारखं होतं म्हणतात. मला बजावलं होतं, कुणाला सांगू नकोस, हसतील."

दीर खाली मान घालून बसला होता. दर रविवारी हा माणूस वहिनीच्या घरी जेवायला यायचा, आणि तिच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक कॅमेरा घालून बघितलं आणि गाठ तिथेच असल्याचं सांगितलं. पित्ताशय राहिलं बाजूला. आधी गाठ काढायची, आणि श्वासनळीत नळी घालायची ती पेशंट जागा असताना, असं ठरलं.

गाठीच्या ऑपरेशनच्या दिवशी त्याचा घसा औषधाने बधिर केला होता. वेळ पडली तर गळ्याला छेद देऊन वाट करायला डॉक्टर हातमोजे घालून तयार होते. मोजपट्टी कॅमेऱ्याच्या तारेवर ओवलेली नळी नाकातून इंच इंच आत सरकवत होता. दीर टक्क जागा होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्याने वहिनीचा हात असा आवळला होता की तिची बोटं बधिर झाली. कॅमेरा गाठीला वळसा घालून श्वासनळीत शिरला, नळी जागेवर बसली, आणि मगच भूल दिली गेली. गाठ पूर्ण निघाली.

दोन दिवसांनी वॉर्डात त्याने तिला जवळ बोलावलं.

"वहिनी, खरं सांगा. त्या दिवशी मोजलं नसतं तर?"

खोटं सांगायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण तो प्लंबर होता, तुंबलेली वाट त्याला समजावून सांगावी लागली नसती.

"मग बहुतेक तुम्ही उठला नसता, भाऊजी."

तो कोपरावर रेटा देऊन उठून बसला. ते वाक्य आपल्याच तोंडून निघालं यावर वहिनीचा विश्वास बसत नव्हता.

"हिला बोलवा जरा," तो म्हणाला. "बाहेर एकटीच बसलीय."