बिजलीताई कोणत्या भागात आहे?

शनिवारी सकाळी मेघा शहराच्या टोकाला, बेसाला भावाच्या घरी पोचली तेव्हा तिचं डोकं आधीच तापलेलं होतं. आठवडाभर ती जमेल तेव्हा मोबाइलवर एकच जुनं कार्टून बघत होती आणि जिच्यासाठी बघत होती ती बाई काही केल्या सापडत नव्हती.

कार्टून होतं कॅप्टन टंगस्टनचं. परदेशी, पण हिंदीत डब केलेलं. मेघा लहान असताना दर शनिवारी लागायचं. शनिवारची शाळा सकाळची, ती सुटली की दप्तर भिरकावून सगळा मोहल्ला टीव्हीपुढे. कुणा हौशी माणसानं आता त्याचे सगळे भाग इंटरनेटवर टाकले होते, आणि मेघाला त्यातली बिजलीताई हवी होती. टंगस्टनची बहीण. नुसत्या हातानं वीज धरणारी.

हवी होती म्हणजे अगदी नडच होती. वीज कंपनीत मेघा खिशात पक्कड घालून, खांबावर चढून लाइनची कामं करायची, आणि तिच्या विभागात हे काम करणारी ती पहिलीच बाई. येत्या सोमवारी ऑफिसात तिचा सत्कार होता. तरुण इंजिनिअर प्रियदर्शनीनं विचारलं, की मॅडम, तुम्ही या कामाकडे वळलात कशा? मेघानं जे ती वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आली होती तेच सांगितलं, कार्टूनमधली बिजलीताई पाहून. प्रियदर्शनी इतकी खूश झाली की म्हणाली, मग तिचाच व्हिडिओ पडद्यावर लावू. आता बिजलीताई मिळाली नाही तर साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांसमोर मेघा थापाडी ठरणार होती.

खरं तर 'पाहून' या शब्दातच गोम होती. लहानपणी मेघानं ते कार्टून कधी पाहिलंच नव्हतं. गोळीबार चौकाजवळच्या त्यांच्या जुन्या घरी टीव्ही असायचा बाबांच्या हातमागाच्या खोलीत आणि अँटेना छपराच्या कवेलूंवर. तो मेला अँटेना कुणी हातानं धरून ठेवला तरच चित्र यायचं. सोडला की पडद्यावर मुंग्या. कवेलू फुटू नयेत म्हणून घरातलं सगळ्यांत हलकं माणूस वर चढवायचे, आणि हलकी होती मेघा. खाली पोरांची दाटी, शेजारी बाबांच्या मागाची खटखट, आणि थोरला भाऊ हेमराज दारात उभा राहून वर तोंड करून तिला गोष्ट ओरडून सांगायचा. तोच तिचा टीव्ही.

म्हणून तर ती आज त्याच्याकडे आली होती. पाहिलं होतं ते त्यानं.

"दादा, बिजलीताई कोणत्या भागात आहे, तेवढं सांग," तिनं चप्पल काढता काढताच विचारलं.

हेमराज बुटीबोरीच्या कापड कारखान्यात सुपरवायझर होता, आणि आज त्याची सुट्टी होती. बनियन-लुंगीवर सोफ्यात पसरलेला तो माणूस एकदम सावरून बसला. "कोन? बिजलीताई? असन वं कुठंतरी. आधी पोहे खाऊन घे. तुझ्या वहिनीनं तर्री केली आहे."

"पोहे नाही पाहिजे मले. भाग सांग."

"इतक्या वर्षाचं मले याद राहते काय? लाव ना तू. पाहून घेऊ."

देवकीवहिनीनं तरीही पोहे आणून दिलेच, वर लालभडक तर्री. मोबाइल टीव्हीला जोडला आणि तिघं बघायला बसले. आणि काय ते कार्टून! टंगस्टन उडायचा म्हणजे त्याच्या पाठीमागून तीच ती भिंत, तीच ती खिडकी आणि तेच ते झाड पुन्हा पुन्हा सरकायचं. बोलताना चेहरा दगडाचा, हलायचे फक्त ओठ, तेही हिंदी वाक्य संपल्यावर. निळ्या झग्यातला खलनायक दर भागात तोच बॉम्ब त्याच बँकेखाली ठेवायचा. याच्यासाठी आपण कवेलूंवर उन्हात भाजून घेतलं, हे बघून मेघाचा पुन्हा एकदा संताप संताप झाला.

त्यात हेमराजचं वेगळंच. दर दोन मिनिटांनी तो चमकायचा. "अरे बापा! हा तर त्याचा दोस्तच गद्दार निघाला!"

"तू पाहिलं होतं ना हे?"

"पाहिलं होतं ना. भुललो."

"सगळंच भुलला काय गा? मंग कन्हानच्या पुलाचा भाग तरी लाव. बिजलीताईनं खांद्यावर पूल धरला होता आन् वरून कोळशाची मालगाडी..."

बोलता बोलताच मेघा थांबली. ही गोष्ट तिनं आजवर कितीतरी जणांना सांगितली होती, पण मोठ्यानं, टीव्हीसमोर, त्या परदेशी इमारतींच्या पुढ्यात बसून आज पहिल्यांदाच सांगत होती. परदेशी कार्टूनमध्ये आपल्या इकडच्या कन्हान नदीचा पूल कुठून येईल? वहिनीनं पदर तोंडाला लावला. हेमराजनं तर्रीची वाटी उचलली आणि तो काही सापडत नसल्यासारखा तिच्यात चमचा फिरवत बसला.

"दादा."

"अंहं?"

"माझ्याकडे पाह्य."

तेवढ्यात पुढचा भाग आपोआप सुरू झाला आणि सुरुवातीचं गाणं लागलं. आठवडाभर मेघा हे गाणं पुढे ढकलत आली होती, गाण्यात काय बघायचं म्हणून. आज पोह्यांचा हात होता, ढकलता आलं नाही. टीव्ही खणखणीत आवाजात गायला लागला, "जहाँ-जहाँ बिजली थी आई, टंगस्टन ने जान बचाई!"

मेघानं हात साडीला पुसले, गाणं मागे नेलं, पुन्हा लावलं. पुन्हा मागे नेलं. बिजली थी आई. कवेलूंवर उभं राहून, मागाच्या खटखटीतून, एका नऊ वर्षांच्या मराठी पोरीला ते काय ऐकू आलं असेल हे वेगळं सांगायला नको होतं. बिजलीताई!

"तूच विचारलं होतं वं," हेमराज अखेर बोलला. "वरून ओरडली तू, दादा, बिजलीताई कोन आहे? मी सांगणारच होतो का कोनी नाही म्हणून. पण तू खाली उतरून राहिली होती. हात दुखते म्हने. तू उतरली का मुंग्या, आन् मुंग्या आल्या का पोट्टे मले मारत होते. मंग मी म्हंतलं, आहे एक. त्याची बहीण आहे. आत्ताच आली, थांब, हलू नको."

"आन् मी हललीच नाही!"

"नाही ना. मंग दर शनिवारी आनावी लागली तिले."

मेघा उठून उभी राहिली. एवढी चिडली होती की कुणावर चिडावं तेच कळेना. भावावर, त्या गाण्यावर, की स्वतःच्या कानांवर? "अरे, मी खांबावर चढली तिच्या भरवशावर! पहिल्यांदा चढली तेव्हा खाली सगळे माणसं हसून राहिले होते. मी मनात तिचं नाव घेतलं. आन् ती होतीच नाही? सोमवारी काय दाखवू मी, तुझं थोबाड?"

"मले काय मालूम तू इतकं मनावर घेशील!"

"सगळे मजेनं कार्टून पाहत होते, आन् मले वर बांधून ठेवलं तुम्ही!"

"सगळे पाहत होते," हेमराजचाही आवाज चढला, "मी कुठं पाहत होतो? तू वर एकटी होती म्हणून मी दारात उभा राहत होतो, टीव्हीकडे पाठ करून. तुझ्याकडे तोंड केल्याबिगर तुले ऐकू येत नव्हतं. आत काय चालू आहे, मले काय घंटा दिसत होतं? हे कार्टून मी आज पहिल्यांदा पाहून राहिलो, मेघे. आन् बंडल आहे एकदम."

वहिनीनं टीव्ही बंद केला. मेघा तशीच उभी राहिली. मघापासून हा माणूस दर दोन मिनिटांनी का चमकत होता, ते तिला आता कळलं. रडू आलं तिला, आणि रडू आलं म्हणून आणखीच राग आला.

"पेटीचं काय झालं?" तिनं विचारलं.

"कायची पेटी?"

"बिजलीताईले लोखंडी पेटीत टाकून कन्हानमध्ये बुडवलं होतं तू. पुढच्या शनिवारी सांगतो म्हंतलं. पुढच्या शनिवारी केबल आली घरी, अँटेना काढून टाकला. बाकीचे पोट्टे नाचले, आन् हे कार्टून कोनी पुन्हा लावलंच नाही. मी इतके वर्षं विचार करून राहिली, ती निघाली कशी."

हेमराजनं डोकं खाजवलं. "आता सुचवा लागन."

"सुचव. पण इथं नाही." तिनं मोबाइल उचलला. "मी गच्चीवर जातो. तू खाली गल्लीत उभा राह्य आन् ओरडून सांग. मी आवाज भरून घेतो. सोमवारी हाच लावतो पडद्यावर. चित्र मी तेव्हाही नव्हतं पाहिलं, त्यायले कायले दाखवू?"

"लुंगीवर? अवं, लोक काय म्हनतील!"

"म्हनू दे. माझे हात दुखत होते तेव्हा कोनी काही म्हंतलं काय?"

गच्चीवर वहिनीच्या मिरच्या वाळत होत्या आणि कोपऱ्यात टीव्हीची छत्री होती. धरायची काही गरज नसताना मेघानं तिची दांडी धरली. खाली गल्लीत हेमराज लुंगी सावरत उभा राहिला. समोरच्या घरातले लोक दारात आले.

"दादा, आलं काय?"

त्यानं दोन्ही हातांचा भोंगा केला. "आलं! हलू नको वं, मेघे!"

"पेटीतून कशी निघाली?"

"तिच्या खिशात पक्कड होती!"

"खोटं नको बोलू! पक्कड कुठून आली? आधी कधीच नव्हती!"

"तुझी आहे ना वं!" हेमराज मान वर करून, पार घसा ताणून ओरडला. "तुझीच नेली तिनं!"

मेघाला त्याला चांगलं फैलावर घ्यायचं होतं, पण मोबाइलमध्ये आवाज भरला जात होता. ती दांडी घट्ट धरून, अजिबात न हलता उभी राहिली आणि पुढे काय होतं ते ऐकू लागली.